हौसेचे मोल

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. एखाद्याला एखाद्या गोष्टीची खरी ओढ असली की तो खर्चाकडे पाहत नाही, एवढाच त्या म्हणीचा अर्थ. पण घरी बसून रोज जलरंगात काम करणाऱ्या, कागद, कापड, माती, लोकर हाताळून वस्तू घडवणाऱ्या माणसाच्या वाट्याला ही म्हण उलटी होऊन येते. त्याचे काम हौस ठरते, आणि हौस ठरले की त्याला मोल उरत नाही. 'छान आहे हो, वेळ चांगला जातो तुमचा,' असे कौतुक होते. तेच चित्र किंवा तीच वस्तू विकत घ्यायची वेळ आली की 'घरीच तर केलंय' म्हणून भाव पाडला जातो. पुढील पानांचा विषय हे घरातले, रोजचे काम आहे. रोज घरात होणारे जलरंगाचे आणि हस्तकलेचे काम ही खऱ्या कलेची फुरसतीतली नक्कल आहे, हा समज चुकीचा आहे, एवढेच मला या प्रस्तावनेत मांडायचे आहे. महाराष्ट्रातल्या चित्रकलेचा मोठा भाग अशाच घरगुती, हाताच्या, रोजच्या सवयीतून उभा राहिला. म्हणून त्याकडे काम म्हणून पाहणे, त्याच्याकडून कामाची शिस्त मागणे आणि त्याला कामाचे मोल देणे, या तिन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतील. यातली एक सोडून दुसरी करता येत नाही.

हे मांडण्यासाठी नाशिकमधले इंदिरानगर समोर ठेवले आहे, आणि ते मुद्दाम. नाशिक म्हटले की चित्रकाराची पावले गोदाकाठाकडे वळतात. रामकुंड, नारोशंकराचे देऊळ, घाटाच्या पायऱ्या, बुधवारच्या बाजाराचे रंगीत कापडी आडोसे. शिवाजी तुपे यांच्यापासून आजच्या प्रफुल्ल सावंतांपर्यंत नाशिकच्या जलरंगकारांनी या भागावर मनापासून काम केले. जुन्या गावात तांबटांची वस्ती आहे, सराफ बाजार आहे; तिथे कारागिरी डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. इंदिरानगरात यातले काहीच नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि वडाळा-पाथर्डी रस्ता यांच्या मधली ही वसाहत म्हणजे सोसायट्या, रो-हाउस, टुमदार बंगले, जॉगिंग ट्रॅक, रथचक्र चौकातली वर्दळ आणि बोगद्यापाशी अडकलेल्या गाड्या. चित्र काढायला म्हणून इथे कोणी मुद्दाम येत नाही. पण चित्र काढणारी माणसे मात्र इथेच राहतात. जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर, गॅलरीत टाकलेल्या पाटावर, मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर संध्याकाळी उरलेल्या जागेत हे काम चालते. कारागिराची आळी जाऊन कारागीर फ्लॅटमध्ये आला आहे. बाहेरून ठोक्यांचा आवाज येत नाही, म्हणून काम चालले आहे हे कळत नाही, इतकेच.

ही माणसे कुठून आली, याचे उत्तर महाराष्ट्रापुरते तरी सरळ आहे. आपल्याकडे शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा होतात आणि दरवर्षी लाखो मुले त्यांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द मराठी घरांत इतके रुळलेले आहेत की पंचेचाळिशीतल्या एखाद्या बँक कर्मचारी बाईंनाही 'स्मरणचित्रात माणसे किती हवीत' यावर मत असते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे कॅमल रंगांची पेटी आली आणि ती दप्तरात जाऊन बसली. म्हणजे ज्या माध्यमाला बाहेरच्या जगात खास शिक्षणाची अट असते, ते इथे मध्यमवर्गीय घराच्या हाताखाली लहानपणीच येते. या परीक्षांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. ठरावीक डोंगर, ठरावीक झोपडी, ठरावीक जत्रा यांची घोकंपट्टी त्यांनी केली. आणि दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचा हिशेब संपला की पेटी माळ्यावर जाते, हेही खरे. पण मला त्यांचे एक ऋण मान्य करावेसे वाटते. घोटीव का होईना, रंग पाण्यात कालवण्याचा पहिला अनुभव त्यांनी सर्वांना दिला. नोकरीची धावपळ सरल्यावर किंवा मुले मोठी झाल्यावर जे लोक पुन्हा ब्रश हातात घेतात, ते नवशिके नसतात. खंड पडलेले विद्यार्थी असतात. मिलिंद मुळीक यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली जलरंगाची पुस्तके एवढी घरोघर पोचली, त्याचे कारणही हेच असावे. स्वतः अभियांत्रिकीचे पदवीधर असलेल्या या चित्रकाराने टप्प्याटप्प्याने समजावलेली रीत, आधीच अर्धी वाट चाललेल्या वाचकाच्या हाती पडली.

आता खुद्द माध्यमाकडे पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार तिथे आहे. जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य, डिंक आणि रंग कोरडा ठणठणीत होऊ नये म्हणून घातलेला ग्लिसरीन किंवा मधाचा अंश. यात पांढरा रंग जवळजवळ वापरत नाहीत. पांढरे म्हणजे न रंगवलेला कागद. त्यामुळे कुठे रंग लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. एकदा लावलेला वॉश वाळेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. लावला तर खालचा थर उठतो आणि चित्र मळते. म्हणजे दहा मिनिटे काम, वीस मिनिटे थांबणे, पुन्हा दहा मिनिटे काम, अशी या माध्यमाची चालच आहे. तैलरंगाला टर्पेंटाइनचा वास, वाळायला दिवसच्या दिवस, उभा इझल, वेगळी खोली लागते. दोन खोल्यांच्या घरात ते जमत नाही. जलरंग एका ड्रॉवरमध्ये मावतो, पाण्याने धुतला जातो, आणि त्याच्या थांबण्याच्या वेळा घरातल्या कामांच्या वेळांत बसतात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आकाशाचा वॉश वाळतो. ही गंमत म्हणून सांगत नाही. घरात काम करणाऱ्याच्या दृष्टीने ही या माध्यमाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तुकड्यातुकड्यांत मिळणारा वेळ हा कलेचा शत्रू मानला जातो. जलरंगाला मात्र तुकड्यातला वेळच मानवतो. सलग चार तास मिळालेला माणूस थांबत नाही, आणि न थांबल्यानेच बहुतेक जलरंगचित्रे बिघडतात.

रोज काम करणाऱ्याला जे कळते ते अधूनमधून करणाऱ्याला कळत नाही, आणि नाशिकच्या हवेत तर हे फारच खरे आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की रुंद वॉश कागदाच्या खालच्या टोकाला पोचायच्या आत वरची कड वाळून रेघ उमटते. तेव्हा काम सकाळी लवकर उरकावे लागते, कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा लागतो, ब्रश एक आकडा मोठा घ्यावा लागतो. जुलैत उलट. कागद वाळतच नाही, रंग मनाविरुद्ध पसरत राहतो, पॅलेटमध्ये उरलेल्या रंगावर बुरशी धरते, आणि ओलाव्यात ठेवलेल्या कागदाचे खळीचे अस्तर गेले तर तो टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. जाड, सुती, ३०० जीएसएमचा कागद महाग का आणि पातळ कार्ट्रिज पेपर फुगून वाकडा का होतो, हे वाचून माहीत होते. पण कोणत्या दिवशी किती पाणी घ्यायचे, हे हाताला रोजच्या रोज शिकावे लागते. हवामान, कागद आणि पाणी यांचा हा अंदाज ज्ञान आहे, आणि ते कारागिराचे ज्ञान आहे. कुंभार माती दाबून ओल सांगतो, पैठणी विणणारा येवल्याचा विणकर बोटांनी रेशमाचा ताण ओळखतो. त्याच जातीची ही जाण आहे.

इथूनच हस्तकलेचा धागा आपोआप हाती येतो. पहिला वॉश वाळत असताना हात रिकामे राहत नाहीत. जुन्या, फसलेल्या चित्रांच्या कागदातून बुकमार्क कापले जातात, पाकिटे दुमडली जातात, राखीचा धागा गुंफला जातो, दिवाळीच्या पणत्यांवर ठिपके दिले जातात, आकाशकंदिलाच्या पाकळ्या चिकटतात. एकाच टेबलावर, एकाच माणसाकडून, एकाच तासात हे होते. यातले चित्र ते 'कला' आणि बुकमार्क ते 'क्राफ्ट', अशी चिठ्ठी लावणे बाहेरच्या माणसाला सोपे जाते. करणाऱ्याला ती सीमा कुठे आहे ते सांगता येत नाही. मला वाटते, सांगता येत नाही कारण ती तिथे नाहीच. ललित कला वर आणि कारागिरी खाली ही उतरंड इंग्रजी अमलातल्या शाळांनी आणि प्रदर्शनांनी आपल्याकडे पक्की केली. त्याआधी आणि त्यानंतरही मराठी मुलखात प्रत्यक्ष चित्र काढणारे हात कुठले होते, ते पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या पुढाकाराने आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या देखरेखीखाली, सवाई माधवरावांच्या काळात, काही देशी चित्रकार पाश्चात्त्य पद्धतीने काम करायला शिकले. त्यांतला सर्वांत कसबी गंगाराम तांबट. वेरूळची आणि कार्ल्याची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, पहिलवान, साधू त्याने कलम आणि जलरंगात उतरवले. त्याची कितीतरी चित्रे आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पाश्चात्त्य धाटणीच्या जलरंगात काम करणाऱ्या, नावाने ठाऊक असलेल्या पहिल्या मराठी माणसांत त्याची गणना होते, आणि त्याच्या आडनावातच तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा धंदा आहे. पत्र्याला बाक देणाऱ्या परंपरेतला हात लेण्याच्या खांबाचा बाक कागदावर आणतो, यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते आपण या दोन कौशल्यांना दोन वेगळ्या कपाटांत ठेवले याचे.

दुसरे उदाहरण सावंतवाडीचे. या गावात चितारी लोक लाखकाम केलेली लाकडी खेळणी घडवत आले आणि गोल गंजिफाही हाताने रंगवत आले. दशावतारी गंजिफेच्या एका संचात १२० पाने, आणि प्रत्येक पान वेगळे. ही कला विझत चालली तेव्हा तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी कारागिरांना राजवाड्यात बसवून ती पुन्हा चालती केली. याच सावंतवाडीत १८८२ साली सावळाराम लक्ष्मण हळदणकर जन्मले. जलरंगातले त्यांचे प्रभुत्व वादातीत होते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले, हातातल्या ज्योतीच्या उजेडात उजळलेल्या तरुणीचे त्यांचे चित्र देशभर ठाऊक आहे. इतके की पुष्कळ लोक ते चुकून राजा रविवर्म्याचे समजतात. ते जलरंगात आहे. बोटांच्या फटीतून झिरपणारा लालसर उजेड, साडीवर पडलेली त्याची आभा, मागचा गडद अंधार, हे सारे अशा माध्यमात की जिथे चुकलेली रेघ पुसता येत नाही. जलरंग हे मुलांचे, सोपे, सुरुवातीचे माध्यम, या समजाला हे एक चित्र पुरेसे उत्तर आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. चित्राची कल्पना घरातली आहे. दिवाळीच्या दिवसांत हाती दिवा धरलेली स्वतःची मुलगी त्यांनी पाहिली, आणि चित्रासाठी तीच उभी राहिली. महाराष्ट्राच्या जलरंगातली सर्वांत गाजलेली प्रतिमा कुठल्या दरबारातून वा पुराणातून आली नाही. ती सणाच्या संध्याकाळी घरात दिसली.

तिसरे उदाहरण इंदिरानगरापासून हाकेच्या अंतरावर आहे. महामार्गाने थोडे पुढे गेले की पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक लागते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांना आपण चित्रपटामुळे ओळखतो, पण १८८५ मध्ये ते जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात तैलरंग आणि जलरंग दोन्ही शिकले. मग छायाचित्रण, शिळाप्रेसवरचे काम, नेपथ्य, जादूचे प्रयोग. हाताला जे जे येत होते त्याची गोळाबेरीज म्हणजे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. आणि तो तयार झाला घरात. सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडत, रसायने कालवत आणि त्याच दिवशी साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. भारतीय चित्रपटाचा पहिला कारखाना हा एक संसार होता. त्यातले कुठले काम कला, कुठले हस्तकौशल्य आणि कुठले घरकाम, हे सरस्वतीबाईंना कोणी विचारले असते तर उत्तर देणे अवघड गेले असते. पण इतिहासाने मात्र वाटणी केली, आणि त्या वाटणीत त्यांच्या हाताचे काम फार उशिरा मोजले गेले.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की गंगाराम, हळदणकर, फाळके ही असामान्य माणसे. त्यांच्या नावावर घराघरांतल्या फुलांच्या चित्रांना मोठेपणा देणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे. आज जे होते त्यातले बरेचसे मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत केलेली नक्कल असते. तोच सूर्यास्त, तेच नारळाचे झाड, तीच निळी नाव. हे मान्य केलेच पाहिजे. सगळे घरगुती काम चांगले असते, असे माझे म्हणणे नाही. बरेचसे साधारण असते, जसे प्रदर्शनातलेही असते. पण नकलेला तुच्छ लेखण्याआधी एक लक्षात घ्यावे. गाणे शिकणारा वर्षानुवर्षे गुरूची बंदिश जशीच्या तशी म्हणतो आणि त्याला आपण रियाज म्हणतो. जे. जे. मधले विद्यार्थी १८७० च्या दशकात तिथले शिक्षक ग्रिफिथ्ससाहेब यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते, आणि त्यातून पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार तयार झाला. प्रश्न नकलेचा नसून ती कुठे थांबते याचा आहे. नारळाचे झाड व्हिडिओतून उतरवणाऱ्याने एक दिवस खिडकीबाहेरचा गुलमोहर, समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी, पाऊस उघडल्यावर निळसर दिसणारी पांडवलेणीची टेकडी काढायला घेतली, तर रियाज पुढे सरकला. घेतलीच नाही तर तो तिथेच राहिला. म्हणून मी शिस्त मागतो आहे. कौतुकाने ही पायरी चढता येत नाही. जाणकाराने केलेल्या स्पष्ट टीकेने येते, आणि घरगुती कलाकाराला आपण ती टीका देत नाही, कारण आपण त्याला गंभीरपणे घेत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हे सारे सुखवस्तू घरांचे चोचले आहेत, आणि ज्या बाईच्या दिवसाला तासभर मोकळा नाही तिच्यावर 'सर्जनशील व्हा' असे आणखी एक ओझे कशाला, असा तो आहे. वेळ सर्वांना सारखा मिळत नाही, हे सत्य आहे. पण घरातल्या बायका हे काम कालपरवा करू लागल्या नाहीत. चैत्रगौरीपुढचे चैत्रांगण, जुन्या लुगड्यांची गोधडी, भरतकाम केलेली उशी, रुखवत, ही कामे त्यांच्याकडून पिढ्यानपिढ्या करून घेतली गेली, आणि कोणाही एकीचे नाव त्यावर लागले नाही. रुखवताचे पाहा. मावश्या, काकू, आत्या महिनाभर रात्री जागून ते मांडत. पाहुणे क्षणभर पाहून पुढे जात. आज तेच रुखवत तयार मिळते आणि त्याचे हजारो रुपये मोजले जातात. वस्तू तीच, श्रम तेच, कित्येकदा करणारे हातही दुसऱ्या एखाद्या घरातले तसलेच. पैसे पडू लागले ते करणाऱ्याचे नाते बदलल्यावर. नात्यातल्या बाईने केले तेव्हा ती हौस होती, परक्या बाईने केले तेव्हा ते काम झाले. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हाही असेच झाले: पुठ्ठा, कागद आणि कापडाचे मखर करणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि ते कौशल्य घरोघर होतेच. ओझे बाईवर आधीपासून आहे. त्यातला जो भाग तिच्या हाताचा आणि डोळ्यांचा आहे, तो तिच्या नावावर जमा व्हावा, एवढीच माझी मागणी आहे.

मग पैशाचा प्रश्न उरतो, आणि तिसरा आक्षेप त्याविषयीचा आहे: घरी बसलेले लोक स्वस्तात विकतात आणि पोटासाठी चित्र काढणाऱ्याचा भाव पाडतात. हे घडते, आणि त्यात दोष विकणाऱ्याचा आहे तसा घेणाऱ्याचाही. समजा, जलरंगातला एक हाती बुकमार्क पन्नास रुपयांना दिला. सुती कागदाचा तुकडा, रंग, फीत, प्लॅस्टिकची पिशवी यांचे पंधरा-वीस रुपये वजा केले आणि त्याला पाऊण तास लागला असे धरले, तर तासाला चाळीस-पंचेचाळीस रुपये पडले. या भावाने दुसरे कुठलेही कुशल काम आपण कोणाकडून मागणार नाही. हौशी कलाकाराने आपला तास मोजायला शिकणे हा व्यावसायिकावर केलेला उपकारच ठरेल. मात्र मोल मागायचे तर मालाची जबाबदारीही घ्यावी लागते. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त संचातले काही गुलाबी आणि जांभळे रंग पश्चिमेच्या उन्हात काही महिन्यांत उडतात. आम्ल असलेला कागद पिवळा पडतो. ज्याने पैसे दिले त्याच्या भिंतीवर चित्र टिकेल की नाही, हे विकण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे. एक पट्टी रंगवून तिचा अर्धा भाग झाकून खिडकीत तीन महिने ठेवली की उत्तर मिळते. घरगुती कामाला कमी समजू नका असे म्हणणाऱ्याने ही पट्टी आधी ठेवावी.

हातांच्या कामावर विश्वास टाकण्याची नाशिकची रीत फार जुनी आहे, आणि तिचा पुरावा इंदिरानगरच्या गच्चीवरून दिसणाऱ्या टेकडीतच कोरलेला आहे. पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर गरजांसाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली, आणि ती ठेवली गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे: २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. म्हणजे राजघराण्यातला माणूस पिढ्यानपिढ्या टिकायचा पैसा सोपवत होता तो हातमागावर बसणाऱ्यांकडे. त्यांचे काम रोज चालणार, संपणार नाही, याची त्याला खात्री होती. रोजचेपणा हीच त्यांची पत होती. आपण मात्र नेमके रोजच्या कामालाच किरकोळ म्हणायला शिकलो.

बाजारात उतरल्याने सारे चांगलेच होते, असेही कोणी समजू नये. वारली चित्रांचा अनुभव नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडल्या तालुक्यांना आणि पालघरला जवळचा आहे. लग्नातला चौक तांदळाच्या पिठाने लिहायचा अधिकार सवाष्णींचा होता; ते घराचे, विधीचे काम होते. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आणि शहरात आली. जिव्या सोमा म्हशे यांच्या प्रतिभेने त्यांना जगात नेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि तो सन्मान योग्यच होता. पण पुढे तेच त्रिकोणी माणसांचे रिंगण कपांवर, पडद्यांवर, भिंतींवर कोणीही छापू लागला आणि चौक लिहिणाऱ्या बायका बहुतेक अनामिकच राहिल्या. यातून माझा निष्कर्ष असा की मोल म्हणजे नुसती किंमत नव्हे. कोणी केले, कुठे केले, कशासाठी केले हे वस्तूबरोबर जायला हवे. इंदिरानगरातल्या टेबलावर तयार झालेल्या एका लहान चित्रामागे करणारीचे नाव आणि तारीख असणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. आणि वारली आकृत्या उसन्या घेऊन पणत्या रंगवणाऱ्यांनी त्या कोणाच्या आहेत हे सांगणे, ही त्याचीच दुसरी बाजू.

यंत्राविषयी थोडेच बोलतो. आज एक वाक्य लिहिले की पडद्यावर जलरंगासारखे दिसणारे चित्र उमटते, मग हाताने कशाला, असे विचारणारे आहेत. चित्राची गरज असेल तर त्यांचे बरोबर आहे. पण पावसाळी सकाळी समोरच्या भिंतीवरचे शेवाळ किती हिरवे आणि किती काळे आहे, हे ठरवण्यासाठी वीस मिनिटे त्याच्याकडे पाहणे ही वेगळी गरज आहे, आणि ती दुसऱ्याकडून भागवून घेता येत नाही. शाळेत ज्याला स्मरणचित्र म्हणत त्याचे भांडवल या पाहण्यातूनच जमते.

राहता राहिले काय करायचे ते. इंदिरानगरातल्या सोसायट्यांचे हॉल आठवड्याचे पाच दिवस सकाळी कुलपात असतात. त्यात चार टेबले आणि उत्तरेचा उजेड मिळाला तर स्वयंपाकघरातले काम तिथे येईल आणि एकमेकांना दिसेल. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हस्तकलेचे टेबल दाराबाहेर आणि चित्रे आत, ही मांडणी सोडून द्यावी. घेणाऱ्यांनी भाव करण्याआधी किती वेळ लागला ते विचारावे. आणि ज्यांनी कित्येक वर्षांत ब्रश धरलेला नाही त्यांना एवढेच सांगायचे आहे की इंटरमिजिएटच्या वेळची ती टिकियांची पेटी माळ्यावर असेल तर टाकून देऊ नका. टिकिया तडकलेल्या असतील, धूळ बसली असेल. प्रत्येकीवर दोन थेंब पाणी टाकून पाच मिनिटे थांबा. त्यातला डिंक इतक्या वर्षांनीही पाण्यात विरघळतो आणि रंग सुटतो.